भ्रूणांचे वेळापत्रक आणि अर्जांच्या तारखा

विकास-जीवशास्त्रातल्या (भ्रूण कसा घडतो याच्या अभ्यासातल्या) फेलोशिपा, उन्हाळी अभ्यासक्रम आणि पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) जागा यांच्या सूचना वर्षभर येत असतात. सूचना हाती आली की नजर आधी रकमेवर जाते, मग शेवटच्या तारखेवर. पण गाडे अडते ते सहसा या दोन्हींपाशी नाही. ज्या तीन महिन्यांसाठी पैसे मागितले त्याच काळात तो प्राणी अंडी देत नव्हता, किंवा मासे विलगीकरणातून बाहेर आले नाहीत, किंवा यजमान लॅबच्या मायक्रोस्कोपवर तारखा शिल्लक नव्हत्या. म्हणून या क्षेत्रात सध्या काय चालू आहे आणि कुठे काय पदरात पडण्यासारखे आहे, ते इथे भ्रूणांच्या बाजूने बघितले आहे.

छोट्या भेटींचे पैसे

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित संधी हीच. ‘द कंपनी ऑफ बायोलॉजिस्ट्स’ ही १९२५ साली सुरू झालेली ना-नफा संस्था. ‘डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक तिचेच. पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांना दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन काम करता यावे म्हणून ती ३,००० पौंडांपर्यंतची प्रवास-फेलोशिप देते. एम्बो या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र संघटनेची सायंटिफिक एक्सचेंज ग्रँट याच जातीची, तीन महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठी. तिला देशांची अट आहे, ती सगळ्यात आधी वाचावी. दोन्हींमागचा हेतू एकच: आपल्याकडे नसलेले तंत्र किंवा यंत्र दुसरीकडे जाऊन वापरणे. परिषदेला जाण्यासाठी हे पैसे नाहीत. परिषदेच्या मागेपुढे दहा दिवस जोडून केलेला अर्ज परीक्षकांच्या लगेच लक्षात येतो.

तीन महिने म्हणजे बारा आठवडे, आणि त्यातला पहिला सुरक्षा-प्रशिक्षण, प्रवेशपत्र, संगणकाचे खाते आणि मायक्रोस्कोपची ओळख यांतच जातो. आता उदाहरण म्हणून झेब्राफिश घ्या, कारण लाइट-शीट मायक्रोस्कोपीसाठी (प्रकाशाच्या पातळ पडद्याने जिवंत भ्रूणाची चित्रे घेण्यासाठी) लोक बहुधा तिच्याचसाठी लांब जातात. एका पेशीच्या अवस्थेत डीएनए टोचून नवी ट्रान्सजेनिक लाइन (चमकणाऱ्या प्रथिनाचा जीन घातलेला माशांचा वंश) तिथेच बनवू, असे अर्जात लिहिलेले असते. टोचलेला मासा प्रजननक्षम व्हायला साधारण तीन महिने लागतात. मग त्याची पिल्ले तपासायची, त्यांतली चमकणारी निवडायची आणि ती वाढवायची, म्हणजे आणखी तीन महिने. बारा आठवड्यांत हे बसत नाही. ज्याने मासे पाळले आहेत असा परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतो.

आपली तयार लाइन न्यायची असली तरी ती सोबत घेऊन विमानात बसता येत नाही. बाहेरून येणारे मासे बहुतेक संस्था थेट मुख्य मत्स्यगृहात घेत नाहीत. ब्लीचने पृष्ठभाग निर्जंतुक केलेली अंडी पाठवायची, ती तिथल्या विलगीकरण कक्षात वाढतात, आणि अनेक ठिकाणी त्यांच्या पुढच्या पिढीची अंडी पुन्हा ब्लीच करूनच आत घेतली जातात. म्हणजे मासे तुमच्या आधी किमान चार महिने निघायला हवेत. फेलोशिपचा निकाल लागल्यावर पार्सल करायला बसलात तर पोचल्यावर चित्रे घ्यायला भ्रूणच नसतात. सोपा मार्ग असा की ती लाइन ओरेगॉनच्या झिर्क या झेब्राफिश-संग्रहात किंवा कार्ल्सरूहच्या युरोपीय झेब्राफिश केंद्रात आहे का ते बघावे आणि यजमान लॅबलाच ती मागवायला सांगावे. प्लाझ्मिड, म्हणजे टोचायचे वर्तुळाकार डीएनए, याचेही तसेच. ते अॅडजीन या प्लाझ्मिड-संग्रहाकडे असेल तर उत्तम. नसेल तर दोन संस्थांमधला साहित्य-हस्तांतरण करार सह्यांसाठी किती आठवडे फिरत राहील याचा नेम नाही.

प्रत्यक्ष चित्रणाचा भाग अर्जात थोडक्यात पण नेमका लिहावा, कारण तिथेच अर्जदाराने हे काम हाताने केले आहे का ते कळते. रंगद्रव्य येऊ नये म्हणून ०.००३ टक्के पीटीयू हे रसायन फलनानंतर २४ तासांच्या आत सुरू करायचे. उशीर झाला तर आधी तयार झालेले मेलॅनिन जात नाही. भूल म्हणून ट्रायकेन, लिटरला साधारण १६० मिलीग्रॅम, आणि ते ट्रिस या बफरने पीएच ७ ला आणलेले. बफर न केलेले ट्रायकेन आम्लधर्मी असते. भ्रूण त्यानेच मरतात आणि खापर मात्र लेसरवर फुटते. रात्रभराच्या चित्रणात हृदयाचे ठोके मंदावताना दिसले तर मात्रा उतरवायची. भ्रूण बसवण्यासाठी एक टक्का लो-मेल्ट अॅगरोझ (कमी तापमानाला वितळणारे जेल) तास-दोन तासांच्या कामाला ठीक. त्यापुढे मात्र भ्रूण लांबीला वाढतो, शेपटीला जागा मिळत नाही, ती वाकडी होते, आणि मग मोजलेली वाढ ही अॅगरोझने दाबलेली वाढ असते. लांबच्या चित्रणाला एफईपी या पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत ०.१ टक्क्याचे पातळ अॅगरोझ आणि खाली घट्ट अॅगरोझचे बूच, ही पद्धत जास्त भरवशाची.

आणि डेटा! २०४८ × २०४८ पिक्सेलचे १६-बिटचे एक प्रतल म्हणजे सुमारे ८.४ मेगाबाइट. २०० प्रतलांचा एक संच १.७ गिगाबाइटचा. दर दोन मिनिटांनी, बारा तास, म्हणजे ३६० संच: एका रंगाला ६०० गिगाबाइट, दोन रंगांना १.२ टेराबाइट. सेकंदाला १०० मेगाबाइटच्या जोडणीवर एका रात्रीचा डेटा हलवायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. दहा रात्री मिळाल्या तर १२ टेराबाइट. हा हिशेब अर्जात एका ओळीत मांडून डिस्क कोण देणार आणि विश्लेषण कुठे होणार एवढे लिहिलेत, तर इतर अर्जदारांच्या तुम्ही पुष्कळ पुढे असता.

यजमानाचे पत्र हा दुसरा कच्चा दुवा. “आम्हाला यांचे स्वागत करायला आनंद होईल” असे पत्र असून नसल्यासारखे. त्यात तारखा हव्यात, कोणते यंत्र आठवड्याला किती तास मिळेल ते हवे, शिकवणार कोण ते हवे, मत्स्यगृहात टाक्या आहेत का ते हवे, आणि काम कोणाच्या परवान्याखाली होणार ते हवे. युरोपीय संघाच्या २०१०/६३ क्रमांकाच्या निर्देशानुसार माशांच्या अळ्यांना स्वतंत्रपणे खाऊ लागल्यावर संरक्षण लागू होते. झेब्राफिशसाठी ही रेघ फलनानंतर पाच दिवसांवर धरतात. म्हणजे पहिल्या तीन दिवसांच्या भ्रूणांवरचे काम पाहुण्याला तुलनेने लवकर सुरू करता येते. उंदरांचे तसे नाही. सस्तन भ्रूणांना संरक्षण गर्भावस्थेच्या शेवटच्या तृतीयांशापासून असले, तरी साडेदहाव्या दिवसाचे भ्रूण मिळवायला मादी मारावी लागते आणि ते करणाऱ्याकडे प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तुमच्याकडे तो नसेल तर तिथला कोण करून देईल, हे पत्रातच यायला हवे.

असे पत्र मिळवायचे तर पहिला ईमेल छोटा ठेवा: तुमचा प्रश्न काय, त्यांच्याकडचे कोणते तंत्र हवे, कोणते आठवडे, पैसे कुठून मागणार. दोन आठवड्यांत उत्तर नाही आले तर एकदा आठवण करावी. पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून पाठवलात तर त्यात वावगे काही नाही. बहुतेक यजमानांना ते सोयीचेच पडते.

कोणता प्राणी कधी

झेब्राफिश, फळमाशी आणि सी. एलेगन्स कृमी बाराही महिने भ्रूण देतात, म्हणून त्यांच्यावर काम करणाऱ्यांना ऋतूची जाणीवच नसते. सागरी प्राण्यांकडे वळलात की कॅलेंडर वेगळे होते. पॅसिफिक किनाऱ्याचे जांभळे सी-अर्चिन हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला अंडी-शुक्राणूंनी भरलेले असतात. जुलैत त्यांच्यावरचा प्रकल्प मागणे म्हणजे पैसे परत करण्याची तयारी. युरोपीय अॅम्फिऑक्सस हा माशासारखा दिसणारा छोटा सागरी प्राणी साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत अंडी घालतो, आणि त्यालाही पाण्याचे तापमान काही अंशांनी वाढवून एक-दीड दिवस वाट बघावी लागते. अॅक्रोपोरा जातीचे प्रवाळ वर्षातून मोजक्याच रात्री, पौर्णिमेच्या आगेमागे, बीजे सोडतात. त्या हुकल्या की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे. याउलट नेमाटोस्टेला हे छोटे समुद्रफूल (सी-अॅनिमनी) प्रकाश आणि तापमान बदलून कधीही अंडी देते. सागरी प्राणी हवा पण मुदत आपल्या हातात नाही, अशा वेळी ते बरे.

झेनोपस बेडकांना हार्मोनचे इंजेक्शन देऊन अंडी वर्षभर मिळवता येतात, पण उन्हाळ्यात अंड्यांचा दर्जा घसरल्याची तक्रार अनेक लॅबमध्ये ऐकू येते. तिथे आठवड्याला दोनऐवजी तीन माद्यांची तजवीज धरा. कोंबडीच्या फलित अंड्यांचे तंत्र सोपे आहे: १३ ते १५ अंशांवर ठेवली तर आठवडाभर चांगली, त्यापुढे उबवण्याची क्षमता घटत जाते. ३८ अंशांवर ३३ ते ३८ तासांत हॅम्बर्गर-हॅमिल्टन या भ्रूणावस्थांच्या तक्त्यातली दहावी अवस्था मिळते. उशिरा पोचलेली अंडी एकाच वेळी उबवूनही तीन वेगवेगळ्या अवस्थांत सापडतात, हे नवख्याला बुचकळ्यात टाकते.

अभ्यासक्रम

अमेरिकेतल्या वुड्स होलच्या मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरीतला एम्ब्रिऑलॉजीचा अभ्यासक्रम १८९३ पासून चालू आहे. सहा आठवडे, दोन डझनांच्या आसपास विद्यार्थी, आणि एकाच उन्हाळ्यात माशीपासून चपट्या कृमींपर्यंत कितीतरी प्राण्यांचे भ्रूण हाताखालून जातात. अमेरिकेतल्याच कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत उंदराच्या विकासावरचा अभ्यासक्रम १९८३ पासून आहे; सूक्ष्मइंजेक्शन, भ्रूण-संवर्धन, मूलपेशी हे सगळे तिथे होते. उन्हाळी अभ्यासक्रमांचे अर्ज हिवाळ्यातच मागवले जातात, म्हणून शिफारसपत्राची विनंती नोव्हेंबर-डिसेंबरात झालेली बरी.

हे अभ्यासक्रम महाग असतात आणि शिष्यवृत्तीची मागणी बहुधा अर्जाबरोबरच करायची असते. प्रवेश मिळाल्यावर विचारू म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. निवेदनात भ्रूणांबद्दलचे प्रेम व्यक्त करण्यात परिच्छेद घालवू नका, तिथे सगळ्यांचेच असते. परत आल्यावर कोणता प्रयोग कराल आणि तो आज का करता येत नाही, एवढे दोन परिच्छेदांत बसले पाहिजे. शिफारसपत्र मोठ्या नावाच्या प्राध्यापकापेक्षा ज्याने तुम्हाला बेंचवर काम करताना पाहिले आहे त्याचे घ्या. जायची योग्य वेळ माझ्या मते पीएचडीचे दुसरे-तिसरे वर्ष किंवा पोस्टडॉकचे पहिले. प्रबंध लिहायला बसलेल्या माणसाने सहा आठवडे बेडकांमध्ये घालवणे ही चैन आहे, आणि निवड समितीलाही ते कळते.

गॉर्डन परिषदांबद्दल (एकेका विषयावरच्या छोट्या परिषदा) एवढेच: मुख्य परिषदेला जोडून अनेकदा विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांनीच चालवलेला सेमिनार असतो, आणि भाषणाची संधी तिथे मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. तिथे सांगितलेले अप्रकाशित निकाल बाहेर न्यायचे नाहीत हा नियम मात्र फोटो काढणाऱ्यांनाही लागू आहे.

पोस्टडॉकचे पैसे आणि प्रीप्रिंट

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपसाठी २०२५ च्या फेरीत १७,००० हून अधिक अर्ज आले; आदल्या वर्षी ते १०,००० च्या आसपास होते. दहातल्या एकालाही मिळेल याची शाश्वती उरलेली नाही, त्यामुळे या एका अर्जावर वर्ष लावू नये. तिची स्थलांतराची अटही लोक चुकीची मोजतात: शेवटच्या तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले चालत नाही. तुम्ही आधीच त्या लॅबमध्ये रुजू झाला असाल तर घड्याळ सुरू झालेले आहे. आधी अर्ज, मग रुजू, हा क्रम सोयीचा.

ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची फेलोशिप वेगळ्या स्वभावाची. तिथे आधी संक्षिप्त आशयपत्र मागतात, आणि विषयबदल खरा लागतो. माशीच्या पंखावर पीएचडी करून माशीच्याच पायावर काम मांडले तर ते चालत नाही. भौतिकशास्त्र, गणित, अभियांत्रिकी यांतून येणाऱ्यांसाठी वेगळा क्रॉस-डिसिप्लिनरी गट आहे. ऊतींचे बल मोजणारे, पेशींचा माग काढणारे अल्गोरिदम लिहिणारे लोक या क्षेत्राला हवेच आहेत, त्यांनी तो जरूर बघावा.

एम्बोच्या पोस्टडॉक फेलोशिपला प्रथम लेखक म्हणून शोधनिबंध लागतो, पण रिव्ह्यू कॉमन्ससारख्या व्यवस्थेतून परीक्षण झालेला प्रीप्रिंटही (नियतकालिकात छापण्याआधी उघड ठेवलेला निबंधही) धरला जातो. यामुळे प्रीप्रिंट कधी टाकायचा या प्रश्नाचे उत्तर बदलले. बायोआर्काइव्ह हे जीवशास्त्राचे प्रीप्रिंट-संकेतस्थळ २०१३ साली सुरू झाले आणि २०२५ पासून ओपनआर्काइव्ह या स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे आहे. परीक्षणाला दोन-तीन महिने सहज लागतात. फेलोशिपच्या तारखेपासून तेवढे मागे मोजून प्रीप्रिंट बाहेर पडला पाहिजे. ई-लाइफ या नियतकालिकाने २०२३ मध्ये परीक्षणानंतरचा स्वीकार-नकार काढून टाकला, आणि नंतर त्याचा इम्पॅक्ट फॅक्टरही (उद्धरणांवरून काढलेला आकडाही) गेला. परीक्षणे उघड असण्याची ही पद्धत मला पटते. पण तुमच्या संस्थेची पदोन्नती अजून त्या आकड्यावर अडलेली असेल, तर निबंध धाडण्यापूर्वी नियमावली वाचा.

प्रीप्रिंटांवर टिपणे लिहिणारा प्रीलाइट्स हा उपक्रम २०१८ पासून आहे. नवे संशोधक प्रीप्रिंट निवडून त्यावर लिहितात आणि लेखकांना प्रश्न विचारतात. ज्या लॅबमध्ये जायचे मनात आहे तिच्या प्रीप्रिंटवर चांगले टिपण लिहिणे, ही ओळख करून घेण्याची अतिशय सभ्य रीत आहे. पोस्टडॉकमधून स्वतःची लॅब उभारू पाहणाऱ्यांसाठी ‘डेव्हलपमेंट’चा पाथवे टू इंडिपेंडन्स कार्यक्रमही बघून ठेवावा.

भ्रूणांच्या प्रतिकृती: जागा वाढल्या, नियमही

नोकरीच्या जाहिरातींत गॅस्ट्रुलॉइड, ब्लास्टॉइड (मूलपेशींपासून बनवलेल्या भ्रूणाच्या प्रतिकृती) हे शब्द आता सर्रास दिसतात. उंदराच्या मूलपेशींपासून ब्लास्टॉइड २०१८ मध्ये झाले, मानवी ब्लास्टॉइड २०२१ मध्ये. २०२२ मध्ये जेकब हन्ना आणि मॅग्डालेना झेर्निका-गोएट्झ यांच्या गटांनी मूलपेशींपासूनच उंदराची भ्रूणसदृश रचना मेंदू आणि धडधडणाऱ्या हृदयाच्या सुरुवातीपर्यंत नेली, आणि २०२३ मध्ये हन्नांच्या गटाने चौदाव्या दिवसाच्या आसपासच्या मानवी भ्रूणाशी मिळतीजुळती प्रतिकृती दाखवली.

शिकायला सुरुवात उंदराच्या गॅस्ट्रुलॉइडपासून करावी. त्याला प्राणी लागत नाही, भारी यंत्रही लागत नाही. गोल तळाच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, पेशी चिकटू न देणाऱ्या, प्रत्येकी सुमारे ३०० मूलपेशी एन२बी२७ या सीरम नसलेल्या माध्यमात टाकायच्या. ४८ तासांत गोळा जमतो. मग २४ तास ३ मायक्रोमोलर चिरॉन (विकासाचा एक संकेत चालू करणारे रसायन), ७२ व्या तासाला माध्यम बदल, पुन्हा ९६ व्याला, आणि १२० तासांना लांबट, एका टोकाला ब्रॅक्युरी (शेपटीकडच्या टोकाची खूण असलेला जीन) दाखवणारी रचना मिळते. बिघाड ठरलेले आहेत. पेशी जास्त पडल्या तर एकाऐवजी दोन-तीन शेपट्या फुटतात. कमी पडल्या तर गोळा लांबतच नाही. सीरमचा अंश राहिला तर चिरॉनचा परिणाम खळग्याखळग्यात वेगळा येतो, म्हणून पेशी धुताना कंटाळा नको. माध्यम बदलताना पिपेट तळाशी नेली तर गोळाच ओढला जातो. थोडे द्रव मागे सोडून नवे जोराने टाकावे, म्हणजे तळाला चिकटलेला गोळाही सुटतो. आणि मूळ पेशी कोणत्या माध्यमात वाढवल्या, सीरम-लिफमध्ये की २आय या सीरमविना माध्यमात, यावरही निकाल हलतो. दुसऱ्या लॅबचा प्रोटोकॉल आपल्याकडे चालत नाही याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

मानवी पेशींकडे वळलात की कागदपत्रे आली. आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवण्यावरची सरसकट बंदी काढली, तरी अनेक देशांच्या कायद्यात ती मर्यादा तशीच आहे. २०२५ च्या सुधारणेत प्रतिकृतींचे ‘एकात्मिक’ आणि ‘अ-एकात्मिक’ हे वर्गीकरण गेले: त्रिमितीय मानवी प्रतिकृती सगळ्याच देखरेखीखाली आल्या. त्या कोणाच्याही गर्भाशयात ठेवायच्या नाहीत, आणि शरीराबाहेर जगण्याच्या अवस्थेपर्यंत वाढवायच्या नाहीत. अशा लॅबमध्ये रुजू होताना एक प्रश्न जरूर विचारा: ज्या दात्याच्या पेशी वापरणार आहोत, त्याच्या संमतिपत्रात भ्रूण-प्रतिकृतींचा वापर बसतो का? जुन्या अनेक पेशी-लाइनी या कल्पनेच्या आधीच्या आहेत. समितीने लाइन बदलायला सांगितली तर नव्या लाइनवर प्रोटोकॉल बसवण्यात महिने जातात, आणि ते पोस्टडॉकच्या दोन वर्षांतूनच वजा होतात.

डेटाबेसचे बजेट

मे २०२५ मध्ये फ्लायबेस या फळमाशीच्या जीन-डेटाबेसला हार्वर्डमार्फत मिळणारे अमेरिकी सरकारी अनुदान हार्वर्डच्या इतर अनुदानांबरोबर थांबवले गेले, आणि माशीवर काम करणाऱ्या लॅबकडे वर्गणी मागण्याची वेळ आली. जीनचे नाव, अॅलीलचा क्रमांक, कोणती माशी कोणत्या स्टॉक सेंटरमध्ये आहे, हे सगळे आपण फुकट आणि कायमचे मिळणार असे धरून चाललो होतो. २०२४ चे नोबेल मायक्रोआरएनएच्या (जीनचे काम आवरणाऱ्या छोट्या आरएनएच्या) शोधासाठी व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मिळाले. त्याचे मूळ सी. एलेगन्स कृमीच्या लिन-४ या म्युटंटमध्ये (जीन बिघडलेल्या वाणात) आहे, ज्यात अळीच्या वाढीच्या टप्प्यांचा क्रमच चुकतो. असे म्युटंट जपणारी केंद्रे आणि त्यांची नोंद ठेवणारे लोक यांचे पगार कोणाच्या तरी अंदाजपत्रकातून निघतात.

नवा अनुदान-अर्ज लिहिताना डेटाबेसची वर्गणी आणि स्टॉक सेंटरचे शुल्क ही वेगळी ओळ घाला. ‘इतर खर्च’ या सदरात टाकलेत तर पहिली कात्री तिथेच लागते. शोधनिबंधात माशीचा स्टॉक क्रमांक, माशाच्या लाइनचा झेडफिन या झेब्राफिश-डेटाबेसातला क्रमांक आणि वापरलेल्या डेटाबेसची आवृत्ती लिहा. अनुदान देणारे वापर मोजतात तो अशाच नोंदींवरून. आणि तुमच्या लॅबचे काम ज्या तीन-चार लाइनींवर उभे आहे त्या अजून केंद्रात जमा केल्या नसतील, तर त्यासाठी पुढच्या अनुदानाची वाट बघू नका. फळमाश्या गोठवून ठेवण्याची सोय बहुतेक लॅबमध्ये नसते, आणि कुप्या बदलणारा माणूस रजेवर गेला की लाइन जाते.